गवताची अट

२ ऑगस्ट २०२० रोजी हॅरोगेट टाउननं वेम्बलीवर नॉट्स काउंटीला ३-१ असं हरवलं, तेव्हा टाळ्या वाजवायला स्टेडियममध्ये कुणीही नव्हतं. कोरोनाचे दिवस होते, नव्वद हजार खुर्च्या रिकाम्या होत्या. हॅरोगेट हे यॉर्कशायरमधलं, औषधी झऱ्यांसाठी आणि फुलबागांसाठी ओळखलं जाणारं शांत गाव. तिथला क्लब १९१४ सालचा. प्रतिस्पर्धी नॉट्स काउंटी म्हणजे १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. शंभरहून अधिक वर्षं खालच्या पायऱ्यांवर खेळलेलं हॅरोगेट त्या दिवशी पहिल्यांदा लीगमध्ये पोहोचलं.

गावी परतल्यावर पहिलं काम निघालं ते स्वतःचं मैदान उखडण्याचं. हॅरोगेटच्या वेदरबी रोड मैदानावर कृत्रिम हिरवळ होती आणि लीगचा नियम सांगतो, खेळायचं तर नैसर्गिक गवतावरच. नवा हंगाम सुरू व्हायला जेमतेम सहा आठवडे होते. तेवढ्यात गवत रुजेना, म्हणून लीगमधले पहिले घरचे सामने हॅरोगेटला डॉनकास्टरच्या मैदानावर खेळावे लागले. ज्या मैदानानं त्यांना वर आणलं, तेच वर चालत नव्हतं.

इंग्लंडमधल्या 'नॉन-लीग' फुटबॉलची गोष्ट सांगायची तर ती अशी जमिनीपासूनच सुरू करावी लागते. गोल, गुण, तक्ता हे सगळं आहेच. पण मैदान कुणाचं, त्यावर काय अंथरलंय आणि त्याच्याभोवती किती माणसं उभी राहू शकतात, या तीन प्रश्नांनी तिथल्या कितीतरी क्लबांचं नशीब ठरवलं आहे.

आधी रचना पाहू. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली तीन विभागांत प्रत्येकी २४, म्हणजे ७२. हे ९२ क्लब 'लीग'वाले. यांच्या खालचं सगळं ते नॉन-लीग. त्यात सर्वांत वर नॅशनल लीग, तिच्याखाली नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन अशा जुन्या लीगा आणि त्याखाली जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीपर्यंत पसरत गेलेलं जाळं. वरच्या टोकाला पूर्णवेळ पगारी खेळाडू, आणि थोडं खाली उतरलं की दिवसभर वीजजोडणी, गवंडीकाम किंवा शिक्षकी करून मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येणारे. कागदावर तरी यातल्या सर्वांत खालच्या संघाला एकेक पायरी चढत थेट प्रीमियर लीगपर्यंत जायची वाट मोकळी आहे.

ही वाट फार काळ बंद होती. १९८६ पर्यंत लीगमध्ये शिरायचं तर मतदान जिंकावं लागे. हंगाम संपला की तळाचे चार क्लब पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करत, बाहेरचे इच्छुक क्लब आपला अर्ज पुढे करत, आणि मत देणारे बहुतेक सगळे आतलेच. शेजाऱ्याला घराबाहेर काढायला सहसा कुणाचा हात उठत नाही. तळाचा क्लब बहुतेक वेळा टिकायचा. १९८० मध्ये ऑल्ट्रिंचम या नॉन-लीग विजेत्याला २५ मतं मिळाली आणि रॉचडेलला २६. एका मतानं ऑल्ट्रिंचम बाहेर राहिलं, आणि पुढेही त्यांना लीगचं दार कधी उघडलं नाही. उलटंही घडायचं. १९६० मध्ये गेट्सहेड चौथ्या विभागात तळापासून तिसरं होतं, म्हणजे त्यांच्या खाली आणखी दोन संघ होते. तरी मतदानात गेट्सहेडच बाहेर फेकलं गेलं आणि पीटरबरो युनायटेड आत आलं. पीटरबरोनं पहिल्याच हंगामात १३४ गोल करत विभाग जिंकला, त्यामुळे निवड चुकली असं कुणी म्हणू शकलं नाही. पण गेट्सहेडला काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

१९८६-८७ च्या हंगामापासून मतदान गेलं आणि थेट बढती आली. नॉन-लीगच्या वरच्या विभागाचा, तेव्हाच्या कॉन्फरन्सचा, विजेता वर आणि लीगमधला शेवटचा खाली. पहिला मान स्कारबरोला मिळाला. लिंकन सिटी खाली आलं. न्याय झाला असं वाटत असतानाच एक नवी अडचण पुढे आली: बढतीला पात्र ठरायचं तर मैदान लीगच्या निकषात बसलं पाहिजे.

१९९४ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स विजेते ठरले, मैदान नापास. १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड, मैदान नापास. १९९६ मध्ये स्टीव्हनेज; मैदान नापास. ओळीनं तीन वर्षं विजेत्यांनी चषक घेतला आणि होते तिथेच राहिले. लीगच्या तळाला असलेले नॉर्थॅम्प्टन, एक्सेटर आणि टॉर्की हे तीन क्लब मैदानावर हरूनही वाचले. मॅकल्सफील्डचं दुखणं तर वेगळंच. त्यांच्या याच मॉस रोज मैदानावर १९९० ते १९९२ अशी दोन वर्षं चेस्टर सिटी भाड्यानं खेळत होतं, आणि चेस्टर तेव्हा लीगचा क्लब होता. भाडेकरूला जे मैदान चाललं, ते तीन वर्षांनी मालकाला चाललं नाही.

स्टीव्हनेज कोर्टात गेलं. लीगला ६,००० प्रेक्षकांची सोय हवी होती आणि तीही हंगामाच्या मध्यावर, ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपण जिंकणार की नाही हे कळायच्या चार महिने आधी क्लबानं कर्ज काढून स्टँड बांधायचा. न्यायालयाला नियमांत खोट दिसली, पण तक्रार फार उशिरा आली या कारणावरून स्टीव्हनेज हरलं. त्यांना लीगमध्ये पोहोचायला २०१० उजाडलं.

नियम करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीनं अखेर ९७ बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानं इंग्लंडमधल्या मैदानांचं रूपच पालटलं. जुन्या लाकडी स्टँडकडे संशयानं बघण्यात काही चूक नव्हती, आणि सुरक्षेच्या अटींत सूट मागणाऱ्याला मी कधीच पाठिंबा देणार नाही. पण सहा हजारांची जागा ही सुरक्षेची अट नव्हे. दीड हजार माणसं येणाऱ्या मैदानात आणखी साडेचार हजारांची रिकामी जागा बांधली म्हणून ती दीड हजार माणसं अधिक सुरक्षित होत नाहीत. क्लब मात्र कर्जात जातो. नंतर हा आकडा पाच हजारांवर आला, नॅशनल लीगसाठी तो चार हजार आहे. तरी तर्क तोच राहिला.

अटींची ही चाळणी तळापर्यंत आहे. प्रत्येक पायरीला मैदानाची वेगळी श्रेणी लागते: प्रकाशझोतांची तीव्रता, छताखालच्या जागा, खुर्च्या, कपडे बदलण्याच्या खोल्यांचं क्षेत्रफळ, खेळाच्या जागेभोवती पक्की पायवाट आणि कठडा, बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं. समितीचा माणूस हातात फीत घेऊन येतो आणि मोजतो. एखाद्या गावात संघ तक्त्यात वर सरकू लागला की मार्च महिन्यात क्लबचे सेवानिवृत्त सभासद रविवारी सिमेंट कालवताना दिसतात, ते यामुळे.

आणि मग गेट्सहेड पुन्हा. १९६० चा तो क्लब १९७३ मध्ये बंद पडला; आजचा क्लब १९७७ चा, पण गाव तेच आणि जखमही तीच. २०२३-२४ मध्ये हा संघ नॅशनल लीगमध्ये सहावा आला, म्हणजे बढतीच्या प्ले-ऑफला पात्र. पण त्यांचं स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीचं आहे. पुढची दहा वर्षं हे मैदान तुमच्या हातात राहील याची हमी दाखवा, असं लीगनं सांगितलं; पालिकेकडून ती हमी मिळू शकली नाही, आणि प्ले-ऑफ सुरू होण्यापूर्वीच गेट्सहेडला बाहेर काढण्यात आलं. काही आठवड्यांनी, ११ मे २०२४ ला, त्याच खेळाडूंनी वेम्बलीवर सॉलिहल मूर्सला पेनल्टींवर हरवून एफए ट्रॉफी जिंकली. ६४ वर्षांच्या अंतरानं दोनदा या गावाचा निकाल खेळाबाहेर लागला.

आता गवताकडे वळू. लीगला कृत्रिम हिरवळीची जी भीती आहे, ती १९८० च्या दशकातली. १९८१ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं लॉफ्टस रोडवर प्लॅस्टिकचं मैदान घातलं. मग १९८५ मध्ये ल्युटननं, १९८६ मध्ये ओल्डम आणि प्रेस्टननं. ते मैदान म्हणजे कठीण थरावर ताणलेला पातळ गालिचा. चेंडू पडला की डोक्याएवढा उसळायचा, घसरलं की मांडीची साल निघायची. यजमानांना सवय, पाहुण्यांचे हाल. प्रेस्टन १९८६ मध्ये लीगच्या ९२ क्लबांत ९१ वं होतं. प्लॅस्टिक घातल्यावर पुढच्याच वर्षी ते वर चढलं, तेव्हा विरोधकांना आयतं कारण सापडलं. प्रेस्टनचं मैदान सर्वांत शेवटी, १९९४ मध्ये उखडलं गेलं, आणि १९९५ पासून लीगमध्ये प्लॅस्टिकला पूर्ण बंदी आली.

आजचं 'थ्रीजी' मैदान ही वेगळी वस्तू आहे. थ्रीजी म्हणजे तिसरी पिढी. पहिली पिढी तो गालिचा, दुसरी वाळू भरलेली, जिच्यावर हॉकी रुळली. तिसऱ्या पिढीत पाती बोटभर लांब असतात आणि त्यांच्या मुळाशी वाळू व रबराचे बारीक दाणे भरलेले असतात. खाली वाकून बोटांनी पाती बाजूला केली की हे काळे दाणे दिसतात. जुन्या टायरांचा चुरा असतो तो. चेंडू आपटला की तिथे काळा शिंतोडा उडतो. सामना संपल्यावर खेळाडू दाराशी बसून बूट उलटे करतात आणि फरशीवर मिरपुडीसारखी लहानशी रास पडते. मोजेही झटकावे लागतात, नाहीतर ते दाणे घरच्या धुलाई यंत्रात जातात. मुंबईच्या कूपरेजवर कृत्रिम टर्फ आल्यापासून तिथे खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

छोट्या क्लबांना हे मैदान का हवं असतं, याचं उत्तर तासांत आहे. चांगल्या निगुतीचं गवताचं मैदानही आठवड्याला पाच-सहा तासांपेक्षा जास्त खेळ सोसत नाही. म्हणजे शनिवारचा एक सामना, फार तर आणखी एक, आणि उरलेले दिवस कुलूप. थ्रीजी रोज सकाळपासून रात्रीपर्यंत वापरता येतं. दुपारी शाळेची मुलं, संध्याकाळी आठ-नऊ वर्षांखालचे संघ, मग मुलींचे, रात्री ऑफिस सुटल्यावर पाच-पाच जणांचे सामने खेळणारे. प्रत्येक तासाचं भाडं क्लबच्या गल्ल्यात. शिवाय जानेवारीच्या चिखलात सामना रद्द होत नाही. हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल, पण शनिवारी दुपारचा सामना पाण्यामुळे रद्द होऊन मंगळवारी रात्री गेला की गर्दी घटते आणि बनवलेलं खाणं, मागवलेली बिअर, छापलेली सामनापत्रिका सगळं अंगावर येतं.

दक्षिण लंडनच्या सटन युनायटेडनं २०१५ मध्ये गँडर ग्रीन लेनवर थ्रीजी घातलं. २०१७ च्या एफए कपमध्ये त्यांनी त्यावर लीड्स युनायटेडला १-० नं हरवलं, आणि २० फेब्रुवारीला आर्सेनल तिथे आलं. वर्ल्ड कप खेळलेल्या खेळाडूंचा संघ, पाच हजारांचं मैदान, पायाखाली कृत्रिम पाती. आर्सेनल २-० नं जिंकलं आणि घरी गेलं. काही बिघडलं नाही. चार वर्षांनी सटन नॅशनल लीगचं विजेतं झालं आणि त्याला सांगण्यात आलं, हे मैदान उखडा. म्हणजे आर्सेनलसाठी जे चाललं ते चौथ्या श्रेणीतल्या पाहुण्यांसाठी चालणार नव्हतं. २०२४ मध्ये ब्रॉमलीचीही हीच गत झाली. १८९२ सालचा हा क्लब १३२ वर्षांनी लीगमध्ये गेला आणि त्यानंही हिरवळ काढून गवत लावलं. २०१५ चा महिलांचा वर्ल्ड कप तर कॅनडात सगळाच्या सगळा कृत्रिम मैदानांवर झाला होता. तेव्हा खेळाडूंनी विरोध केला होता, हेही इथे नोंदवलं पाहिजे.

कारण त्यांचा विरोध पोकळ नाही. गुडघे आणि घोटे दुखतात असं अनेक व्यावसायिक खेळाडू सांगतात. सांगणारे इतके असतील तर ऐकावं लागतं. रबराच्या दाण्यांचाही प्रश्न खरा आहे. युरोपीय संघानं २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकविषयी जो नियम केला, त्यात मैदानावरच्या दाण्यांची विक्री २०३१ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. ब्रिटन त्या संघात नसला तरी मैदानं बनवणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे त्याच आहेत. नारळाचा काथ्या, बुचाचा भुगा असे पर्याय पुढे येत आहेत. माझं म्हणणं एवढंच, की मैदान चांगलं आहे का याची दरवर्षी चाचणी घ्या, आणि उतरलं तर खेळू द्या. गवत असलं म्हणजे ते चांगलंच असतं असं नाही. फेब्रुवारीतली लीगची काही मैदानं पाहिलेल्या कुणालाही विचारा.

आणि हे सगळं कुणासाठी? कठड्याला रेलून उभं राहणाऱ्या माणसांसाठी. नॉन-लीगची प्रेक्षकसंख्या म्हटली की लोक शे-दोनशे डोकी आणि एक कुत्रा असं चित्र रंगवतात. खालच्या पायऱ्यांवर ते खरंही आहे. पण १९५१ मध्ये एफए अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला, पेगॅसस विरुद्ध बिशप ऑकलंड, वेम्बलीवर एक लाख लोक होते, आणि दोन्ही संघ हौशी. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन काढला आणि तो नवव्या पायरीवर खेळत असतानाही सामन्याला सरासरी तीन हजारांवर माणसं येत होती. नऊ वर्षांत तो लीगमध्ये परतला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आपली पेठ, आपली तालीम म्हटली की माणूस श्रेणी बघून येत नाही.

२०२२-२३ मध्ये तर नॅशनल लीगनं कमालच केली. रेक्सहॅमला दहा हजारांच्या घरात प्रेक्षक, नॉट्स काउंटीच्या एका सामन्याला सोळा हजारांहून अधिक. रेक्सहॅमनं १११ गुण मिळवले, नॉट्स काउंटीनं १०७. आणि १०७ गुणांवर दुसरं आलेल्या नॉट्स काउंटीला थेट बढती नाही, कारण जागा दोनच: एक विजेत्याला, दुसरी प्ले-ऑफच्या विजेत्याला. ते अखेर वेम्बलीवर चेस्टरफील्डला पेनल्टींवर हरवून वर गेले, पण दोन-चार फटके इकडचे तिकडे झाले असते तर त्या हंगामाची माती होती. दुसरी जागाही आली ती २००३ मध्ये. वरच्या विभागांत तीन-चार क्लब वरखाली होतात आणि नेमक्या या उंबरठ्यावर दोनच. नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतले ७२ क्लब आता एकत्र येऊन तिसरी जागा मागत आहेत. माझ्या मते ती त्यांना कधीच मिळायला हवी होती.

शेवटी मेडस्टोनबद्दल सांगतो, कारण या प्रकरणातलं सगळं त्या एका क्लबात येऊन गेलं आहे. केंट परगण्यातल्या या क्लबानं १९८८ मध्ये आपलं मैदान फर्निचर विकणाऱ्या कंपनीला विकलं आणि डार्टफर्डच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. १९८९ मध्ये कॉन्फरन्स जिंकून तो लीगमध्ये पोहोचला, पण गावात नव्या मैदानाला परवानगी मिळेना. घर नाही, गाव दूर, प्रेक्षक तुटले, देणी वाढली. ऑगस्ट १९९२ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, क्लब बुडाला. डार्टफर्डचं मैदानही त्यात गेलं आणि त्या क्लबाला पुढची चौदा वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर काढावी लागली.

मेडस्टोनच्या लोकांनी मुलांच्या संघापासून परत सुरुवात केली. वीस वर्षं इकडेतिकडे खेळून २०१२ मध्ये ते आपल्या गावात, नदीकाठच्या छोट्या मैदानावर परतले. तिथे त्यांनी सुरुवातीपासूनच थ्रीजी घातलं आणि त्याच्या भाड्यावर, दारात येणाऱ्या दीड-दोन हजार माणसांवर क्लब उभा केला. कॉन्फरन्समध्ये मात्र थ्रीजीला बंदी होती. २०१५ च्या सुरुवातीला क्लबांनी मतदान करून ती उठवली आणि त्याच वसंतात मेडस्टोननं इस्थमियन लीग जिंकली. मत उलटं पडलं असतं तर तेही किडरमिन्स्टरच्या रांगेत बसले असते.

२७ जानेवारी २०२४. एफए कपची चौथी फेरी, इप्सविच टाउनचं पोर्टमन रोड. इप्सविच दुसऱ्या श्रेणीत वरच्या जागांवर, मेडस्टोन सहाव्या. गावातून चार हजारांहून अधिक माणसं सोबत आली होती. इप्सविचनं गोलच्या दिशेनं ३८ फटके मारले, मेडस्टोननं दोन. दोन्ही आत गेले. २-१. सहाव्या श्रेणीतला संघ पाचव्या फेरीत पोहोचण्याची १९७८ च्या ब्लाइथ स्पार्टन्सनंतर ही पहिलीच वेळ. रबराच्या दाण्यांवर सराव करणारा तो संघ त्या दिवशी ज्या मैदानावर जिंकला, ते गवताचं होतं.